गोळ्या तेजलच्या, नाव माझं

१२ जानेवारी, रविवार

बोरिवली येऊन गेली. बोरिवली म्हणजे मावशी. या वहीत तिला नाव नाही, स्टेशन पुरे. दारात चप्पल काढायच्या आधी तिने माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि म्हणाली, "स्नेहल, तुला पीसीओडी आहे बघ. शंभर टक्के." हिला कसं कळलं? तर हिच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला आहे आणि ती पण जाडी आहे. झालं निदान.

हेच मला पार्लरवालीने सांगितलंय, जिमच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या पोरीने सांगितलंय आणि दिवाळीत लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांनी पण. काकांनी. एकानेही विचारलं नाही की बाई, तुझी पाळी वेळेवर येते का. येते. शाळेपासून. कोर्टाच्या तारखेसारखी नाही, खरंच त्याच दिवशी.

आई लगेच मावशीच्या सुरात. "मे महिन्यात तेजलचं लग्न. त्याच्या आधी हिचं पण बघून घेऊ." जशी मी गळकी टाकी. पाहुणे यायच्या आधी दुरुस्त करून घेऊ.

शनिवारी अपॉइंटमेंट. धाकटी तेजल सोबत येणार, माझ्या काळजीने नाही. तिचा ब्लाउजवाला त्याच गल्लीत आहे.

१८ जानेवारी, शनिवार

लेडी डॉक्टर. बोरिवलीने शोधलेली. बाहेर भिंतभर गुबगुबीत परदेशी बाळं. आत गेलो तिघी. डॉक्टरने माझ्याकडे एक नजर टाकली आणि आईला विचारलं, "वजन किती आहे हिचं?" मी समोर बसलेली. मला तोंड आहे.

माझं नाव विचारायच्या आधी "वजन कमी करावं लागेल" झालं. मग, पाळी?

"वेळेवर."

"वेळेवर म्हणजे?"

"म्हणजे वेळेवर."

विश्वास नाही बसला. आईकडे बघितलं. आई म्हणाली, "येता तशी, पण ही सांगणा नाय काय." आई घाबरली की मालवणी बोलते. डॉक्टरने सोनोग्राफी लिहून दिली.

इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं. मग तेजल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "ताईचं बरंय, टायमावर येते. माझी तर तीन-तीन महिने फिरकत नाही. मला काय, सुटका."

डॉक्टरचं पेन थांबलं. खुर्ची तेजलकडे वळली.

"कधीपासून असं?"

"पहिल्यापासूनच."

"चेहऱ्यावर केस येतात? पिंपल्स?"

"ते तर लेझर करते ना मी. सगळेच करतात."

माझी हनुवटी सगळ्यांना दिसते कारण मी लेझर करत नाही. एवढाच फरक. डॉक्टरने दुसरी चिठ्ठी लिहिली.

आई म्हणाली, "हिका कित्याक? बघा ना, काडी ती."

"बारीक मुलींनाही असतं."

आई हसली. डॉक्टर हसली नाही. बाईबद्दल माझं मत थोडं सुधारलं. थोडंच.

२० जानेवारी, सोमवार

सोनोग्राफी. कोर्टातून अर्धी सुट्टी घेतली. साहेबांना सांगितलं डोळ्यांचा नंबर तपासायचाय.

पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका. वेटिंगमध्ये सगळ्या बाया एकमेकींकडे न बघता मांडीवर मांडी टाकून बसलेल्या. आई बाहेर पर्सवर हात ठेवून. माझा नंबर आधी, तेजलचा लगेच मागून, म्हणून आम्हाला दोघींना एकदम आत घेतलं. मध्ये फक्त पडदा.

पहिला प्रश्न: "मॅरिड?"

"नाही."

मग गार जेल, पोटावर दाबादाबी. ही डॉक्टर तरुण, माझ्याच वयाची असेल. बराच वेळ दाबून म्हणाली, "नीट दिसत नाहीये. चरबीमुळे."

"मग कसं दिसेल?"

"आतून केली तर स्पष्ट दिसतं. पण ती मॅरिड पेशंटची करतो."

मी विचारलं, मशीनला लग्न कळतं का. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आतूनच करा.

आवाज खाली करून म्हणाली, "तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतेय? तुमची आई बाहेर आहे."

"आईची सोनोग्राफी नाहीये."

सही घेतली. नर्सला आत बोलावलं. मग म्हणाली, जा, आता बाथरूमला जाऊन या, यासाठी ब्लॅडर रिकामं लागतं. एवढं पाणी ढोसून सगळं फुकट. जाताना पडदा बाजूला झाला. तेजल स्टुलावर बसलेली. मोबाइल हातात, पण स्क्रीन बंद.

तिने सगळं ऐकलं.

रिक्षात तिने पुन्हा मोबाइल उघडला. फक्त एकदा माझ्याकडे बघून हसली. लहानपणी मी लपवलेलं चॉकलेट सापडलं की हसायची, तसं.

(तो माणूस, त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही हे ठरलेलं आहे. दोन वर्षं झाली. संपलं.)

२१ जानेवारी

माझं सगळं नॉर्मल. गर्भाशय नॉर्मल, दोन्ही अंडाशय नॉर्मल. रक्तात थायरॉइड वगैरे तेही नॉर्मल.

तेजलचे दोन्ही अंडाशय मोठे. आत कडेकडेने बारीक बारीक काळे ठिपके, भरपूर. सोनोग्राफीवालीने म्हणे तिला स्क्रीन वळवून दाखवलं. या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत. पण नुसत्या फोटोवर ठरवत नाहीत. पाळीचा इतिहास, केस, रक्त, सगळं मिळून. तिचं रक्तही घेतलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी बेडवर रिपोर्ट घेऊन बसले आणि वाईट वाटलं. कारण आता काहीच नाही. इतकी वर्षं लोक म्हणायचे आजार आहे, आजार आहे. वरवर मी त्यांना मूर्ख म्हणत होते आणि आत कुठेतरी तेच धरून बसले होते. असेल. म्हणूनच असेल. आता कळलं, मी नुसतीच जाडी आहे. जेवते आणि खुर्चीत बसून टायपिंग करते म्हणून. याला डॉक्टर नाही, याला सहानुभूती नाही.

हे लिहायची गरज नव्हती. लिहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

तेजलचे रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टरने नीट समजावलं, हे मान्य करते. दिवस अनियमित, चेहऱ्यावर केस, रक्तातही पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीतही दिसतंय. पीसीओएसच आहे, लोक ज्याला पीसीओडी म्हणतात तेच. घाबरायचं कारण नाही. गोळ्यांनी पाळी नियमित येईल, रोज चालायचं, साखर तपासत राहायची. मुलं होतात, कधी कधी थोडी मदत लागते, एवढंच.

आईने यातला एकच शब्द ऐकला. मुलं.

दुसरा धक्का: त्या गोळ्या म्हणजे मूल नको म्हणून घेतात तसल्याच गोळ्या. "लग्नाच्या आधी? ह्या गोळ्यो?" डॉक्टर म्हणाली, औषध तेच, कारण वेगळं. आईने बाळांच्या फोटोंकडे अशी नजर टाकली जशी बाळं ऐकतायत.

रिक्षात आईचा निष्कर्ष: "नावा बदलली असतील. हिचा ता तिच्यात आणि तिचा ता हिच्यात. लॅबवाले करतत असले घोळ."

तेजल म्हणाली, "आई, मी स्वतः स्क्रीन बघितली."

आई म्हणाली, "गप बस."

मी खिडकी नसलेल्या रिक्षात बाहेर बघत बसले. मला हसू येत होतं. देवाशप्पथ हसू येत होतं. आयुष्यभर जिचा फोटो दाखवून मला "बघ जरा" म्हटलं, तिचा निघाला आजार.

२६ जानेवारी, रविवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी मुलुंड आली. मुलुंड म्हणजे ओंकारची आई, तेजलची होणारी सासू. तोंडावर मी काकू म्हणते. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आल्या, सोबत तिळाच्या वड्या. बाई गोड आहेत, इतक्या गोड की दात दुखतात. बाबा टीव्हीसमोर. आई चहा टाकत होती. शोकेसवर लेडी डॉक्टरची फाइल, वर मोठ्या अक्षरात स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि फाइलीवर गोळ्यांचं पाकीट. मूर्खपणा कोणाचा? तेजलचा. घरात तिला काही उचलून ठेवायची सवयच नाही.

काकूंची नजर गेली. "कोणाला बरं नाहीये?"

अर्धा सेकंद. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "आमच्या स्नेहलला. पीसीओडी."

इतक्या सहज. जसं पंखा दुरुस्तीला दिलाय.

काकूंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मान हलवली. "वाटलंच होतं मला." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस हं बाळा."

मी तेजलकडे बघितलं. ती नखं बघत होती.

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी काहीच बोलले नाही. का? खरं सांगायचं तर सुचलंच नाही. दिवसभर कोर्टात लोकांचं खोटं टाइप करते, कॉमा-फुलस्टॉप देऊन. घरचं ऐकलं तेव्हा बोटं हलली नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

आईशी बोलून काही उपयोग नाही. आईचं म्हणणं: "तुझा खय लग्न ठरलाहा? तिचा मोडात. तुका काय फरक पडता?"

तेजलला गाठलं. ती केस विंचरत होती.

"आईला सांग, खोटं परत घे."

"ताई, प्लीज. फक्त मे पर्यंत."

"का म्हणून?"

"तुला काय फरक पडतो यार? तुला सगळे तेच समजतात ना. आधीपासूनच."

कंगवा चालूच. तिला कळलं पण नाही काय बोलली. मग ती आरशातून म्हणाली, "आणि मी तुझं काही बोलले का कोणाला? त्या दिवशीचं?"

धमकी नाही, म्हणे. आठवण. आमच्या घरात धमक्या अशाच देतात, कंगवा हातात धरून.

मी म्हटलं, मी कोणाला काही सांगणार नाही. पण मला कोणी सरळ विचारलं तर खोटं पण बोलणार नाही.

"कोण विचारतंय तुला," तेजल म्हणाली.

बरोबर आहे. कोण विचारतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

मुलुंडचं हळदीकुंकू. जायचं नव्हतं. आई म्हणाली, नाही गेलीस तर त्यांना वाटेल काहीतरी आहे. म्हणजे काहीतरी आहे म्हणून सांगितलंच आहे, पण वाटू द्यायचं नाही. मी डोकं लावणं सोडलं.

काकूंनी हॉलभर बायकांना ओळख करून दिली: "ही आमची तेजल. आणि ही तिची मोठी बहीण, बिचारीला जरा त्रास आहे." बिचारी काळ्या साडीत, वाण म्हणून मिळालेला प्लास्टिकचा डबा हातात घेऊन उभी.

मग सुरू. मेथीचं पाणी. दालचिनी. दूध बंद. भात बंद. दूध चालू, भात बंद. एक जाऊबाई म्हणाल्या, लग्न केलं की आपोआप जातं. दुसऱ्या म्हणाल्या, जातं कसलं, माझ्या नणंदेचं लग्नानंतर वाढलं. दोघींचं तिथेच जुंपलं. माझ्या अंडाशयांवरून, ज्यांना काहीही झालेलं नाही.

सगळ्यांत वाईट, एक चांगली बाई भेटली. वयस्कर, काकूंची शेजारीण. तिने मला बाजूला घेतलं आणि हळू सांगितलं, "माझ्या सुनेला आहे. फार रडते. तू रडू नकोस." आणि मला खोटारडं वाटलं. मला. तिचं खरं दुःख मी फुकट घेतलं.

तेजल पलीकडे सोफ्यावर तिळाचे लाडू खात होती. कोणीतरी म्हणालं, "किती खातेस, तरी अशी कशी गं बारीक?" ती लाजली.

९ फेब्रुवारी, रविवार

ओंकार आला होता. तेजलला घेऊन पत्रिकांचे नमुने बघायला जायचं होतं. ती तयार होईपर्यंत मी आणि तो हॉलमध्ये.

मुलगा वाईट नाही. हे लिहिताना मला त्रास होतोय. वाईट असता तर सोपं झालं असतं.

म्हणाला, "ताई, तुम्हाला एक सांगू का? राग मानू नका. माझ्या ऑफिसमध्ये एक जणी योगा घेते, खास पीसीओडीसाठी. नंबर देऊ?"

मी म्हटलं, नको.

"तेजल खूप काळजी करते तुमची. परवा फोनवर रडली."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी. म्हणाली, ताईचं पुढे कसं होणार, मूल वगैरे होईल की नाही, कोण स्वीकारेल." मग चपला बघत म्हणाला, "खरं सांगू, मला तेव्हा वाटलं, बरं झालं तेजलला काही नाही. मला काही प्रॉब्लेम नसता. पण आईला नातवंडाचं फार आहे. एकुलता एक ना मी. आईला समजावणं मला जमलं नसतं."

हे सगळं तो माझ्याशी बोलत होता. मोकळेपणाने. जाड्या, लग्न न झालेल्या, मूल न होणाऱ्या बाईशी मोकळं बोलता येतं. तिचं काय नुकसान होणार.

तेजल स्वतःसाठी रडली आणि नाव माझं लावलं. रडायला पण माझं नाव.

ते गेले. आल्यावर तिला सांगितलं तो काय म्हणाला ते, शब्दाला शब्द. तेच काम आहे माझं. ती कानातले काढत होती. एक काढलं, दुसरं तसंच राहिलं. जेवली नाही.

१३ फेब्रुवारी

तेजलने गोळ्या बंद केल्यात. मला पाकिटावरून कळलं. म्हटलं, डॉक्टरला विचारलंस? म्हणाली, "नाहीच आहे मला काही. आई बोलली तेच बरोबर, लॅबचा घोळ असेल."

जिने स्वतः स्क्रीन बघितली होती ती.

मी म्हटलं, मग मला दे, मी घेते, सगळ्यांचा हिशोब बरोबर बसेल. तिने उशी फेकली. लागली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी कोर्टात फोन. तेजलच्या ऑफिसमधली मैत्रीण. "तेजलला खूप ब्लीडिंग होतंय, उभं राहता येत नाहीये. तुम्हाला बोलवायला सांगितलंय. आईला नको म्हणाली."

साक्षीदाराची उलटतपासणी चालू होती. चिठ्ठी पाठवून निघाले.

अंधेरीला तिच्या ऑफिसच्या वॉशरूममध्ये ती खाली बसलेली, भिंतीला टेकून. ओढणी कमरेला बांधलेली. चेहरा पांढरा. मला बघून पहिलं वाक्य: "ओंकारला सांगितलं नाहीस ना?"

या पोरीचा मला इतका राग कधी आला नव्हता. आणि तिला उठवताना लक्षात आलं, माझ्या अर्ध्या वजनाची आहे ही. कागदासारखी उचलली गेली. रिक्षात तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. हायवेला गर्दी. ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्याला म्हटलं, पुढे बघ.

डॉक्टर रागावली. गोळ्या मध्येच सोडल्या की असं होणारच, त्यात इतके महिने पाळी आली नव्हती. इंजेक्शन, सलाइन, दुसऱ्या गोळ्या. "हिच्यावर लक्ष ठेवा," मला म्हणाली. आज पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलली, मध्ये आई नव्हती म्हणून.

सलाइन चालू असताना तेजल म्हणाली, "भीती वाटते गं ताई."

"कसली?"

"सगळ्याची. मूल झालं नाही तर. आणि सांगितलं तर."

हात धरला होता तिने, तो सोडवला नाही. एवढंच. माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर ओंकारचा फोन आईच्या मोबाइलवर, तेजल उचलत नव्हती म्हणून. आई म्हणाली, "अरे, स्नेहलला बरं नाही, म्हणून तेजल तिच्याजवळ बसलीय."

मी तिथेच, तेजलसाठी पेज ढवळत उभी.

आईने फोन ठेवल्यावर बाबा टीव्हीपासून वळले. महिनाभरात पहिल्यांदा या विषयावर बोलले. "थोरल्या चेडवाचा नाव कित्याक घेतंस सारख्या? तिका काय एक झाला नाय."

बरोबर बोलले. फोन ठेवल्यावर बोलले. आधी नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झालं.

आज सुट्टी. मुलुंडचा फोन आला. माझ्या मोबाइलवर, सरळ मला.

"स्नेहल बाळा, कसं आहे आता? ओंकार म्हणाला तुला फार त्रास झाला परवा. ठाण्याला एक वैद्य आहेत, मी वेळ घेतलीय शनिवारची. स्वतः नेते तुला."

मी म्हटलं, "काकू, मला काही झालेलं नाही."

"अगं लपवू नकोस. पीसीओडी म्हणजे काय लाज आहे का?"

"लाज नाही. पण मला पीसीओडी नाही. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

मग आवाज बदलला. गोडपणा गेला, आणि गंमत म्हणजे तो आवाज मला जास्त आवडला. "मग त्या गोळ्या कोणाच्या?"

मी म्हटलं, "ते तेजलला विचारा."

फोन ठेवला.

सत्य वगैरे काही नाही. मला कोणी हुतात्मा समजू नये. मला कंटाळा आला होता. वैद्यासमोर बसून तिसऱ्या माणसाला जीभ दाखवायची, नाडी दाखवायची, तेजलची म्हणून. तेवढं मला जमणार नव्हतं.

आणि खोटं लिहायचं नाही म्हणून: सांगताना थोडं बरंही वाटलं.

२० फेब्रुवारी

काकूंनी ओंकारला सांगितलं, ओंकारने तेजलला विचारलं, तेजलने फोन बंद केला आणि माझ्यावर आली. ऑफिसातून अजून सुट्टीवर आहे, पांढरीफटक, पण ओरडायला ताकद आहे.

"तू मुद्दाम केलंस. तुझं होत नाही म्हणून माझं मोडायचं होतं तुला."

मी म्हटलं, मला विचारलं, मी सांगितलं. आधीच बोलले होते तुला.

मग ती आईकडे वळली. "तिला विचार, तिची सोनोग्राफी कुठून केली. विचार ना. बिनलग्नाची ती. माझी पोटावरून केली, तिची नाही. का ते विचार."

आईला कळायला वेळ लागला. चेहऱ्यावरून एकेक पायरी उतरताना दिसत होतं. मग ती स्टुलावर बसली. बाबांनी पेपर उचलला, कालचा.

आईने विचारलं, "खरा काय?"

"हो."

"कोण?"

"ते संपलं. तुमचा संबंध नाही."

मला वाटलं रडेल, मारेल. ती म्हणाली, "दोघी सारख्योच." आणि भाजी चिरायला घेतली. सारख्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने आम्हाला सारखं म्हटलं.

तेजल ओरडून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडत होती. आवाज येत होता. मी दार वाजवलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुलुंड उद्या येणार. ओंकार आणि काकू. "बोलायला." एवढाच निरोप, ओंकारचा मेसेज. लग्न मोडलं असं नाही, मोडलं नाही असंही नाही.

बोरिवलीचा फोन. बातमी पोचलीय. तिचं म्हणणं, तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं आपल्या घरात कोणाला तरी पीसीओडी आहे. मी फोन आईला दिला.

आईने दिवसभर तेजलला पढवलं. काय सांगायचं: किरकोळ आहे, सोनोग्राफीत थोडंसंच दिसतं, आता गेलंच जवळजवळ. तेजल ऐकत होती. मी इस्त्री करत होते. मध्येच तिने मला विचारलं, दोन दिवसांत पहिलं वाक्य, "डॉक्टर नक्की काय म्हणाली होती? मुलांचं?"

"मुलं होतात. कधी कधी मदत लागते. गोळ्या मध्ये सोडायच्या नाहीत. रोज चालायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आपण कसलं एवढं लपवलं?"

आपण म्हणाली. मी इस्त्री चालू ठेवली. आपण नाही, बाई.

संध्याकाळी गोळी घेताना दिसली. पाणी मी दिलं नाही, तिनेच घेतलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत बसून लिहितेय. बाहेर ते आलेत.

आई सकाळपासून घावनं, चटणी, शिरा. जसा साखरपुडा परत आहे. बाबांनी शर्ट घातला. टीव्ही बंद. आमच्या घरात टीव्ही बंद म्हणजे काय ते समजावं.

तेजलने साधा ड्रेस घातला. चेहऱ्याला काही लावलं नाही. ओठावर लव दिसत होती, लेझरची तारीख चुकली असणार. मला दिसली हे तिला कळलं. "राहू दे," म्हणाली. मग म्हणाली, "तू बाहेर येऊ नकोस. तू आलीस की काकू तुझ्याशीच बोलत बसतील."

मी म्हटलं, मला हौस नाही.

दार पूर्ण लावलं नाही तिने. बोटभर फट ठेवली. चुकून असेल.

काकूंचा आवाज आला, "कसं आहे, आम्हाला लपवाछपवी..." पुढचं ऐकू आलं नाही. ओंकार काहीतरी म्हणाला. त्याचा आवाज बसलेला. आईने सुरुवात केली, "तसा काय नाय हो, किरकोळ..."

आणि तेजल म्हणाली, "आई, थांब. काकू, आधी मी बोलते. मला पूर्ण बोलू द्या."

इतका स्पष्ट आवाज या घरात तिचा मी ऐकला नव्हता. हट्ट करताना ऐकलाय, लाडात ऐकलाय. हा नाही.

"मला पीसीओएस आहे. सोनोग्राफीत..."

आईने नेमका स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला. खोबऱ्याची चटणी. मुद्दाम की घाबरून, देव जाणे. घरघर, घरघर, फटीतून नुसती घरघर. तेजलचे हात हलताना दिसतायत. ओंकारचे गुडघे दिसतायत, चेहरा नाही.

उठून मिक्सर बंद करावासा वाटतोय.

बंद झाला. आपोआप, की बाबांनी केला.

बाहेर तेजलचं शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...कधी कधी मदत लागते. एवढंच."